चॅटर

बर्नलीच्या दवाखान्यात मी कान तपासते.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा,
डोक्यावर हेडफोन, हातात बटण,
आणि अलीकडून एकेक बारीक शिट्टी सोडायची.
ऐकू आली तर दाब. नाही आली तर बसून राहा.

फॉर्मवर एक रकाना आहे:
कामाच्या जागी कसला आवाज होता?
आयव्ही एन्टविसल, वय एक्याऐंशी,
हिने लिहिलं: चॅटर.
वर्षं नाहीत, गिरणीचं नाव नाही.

मी विचारलं, म्हणजे गप्पा?
ती हसली. कवळी जरा सैल.
"त्याही."

आधी माग. आठशे माग एका छपराखाली,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
पंधराव्या वर्षी दारातून आत शिरली
तेव्हा तिला वाटलं, इमारतीलाच हुडहुडी भरलीय,
दातावर दात आपटताहेत.
त्यालाही तोच शब्द, म्हणाली, दातांच्या वाजण्याला.
आणि मागच्या भिंतीवर सकाळी सहाला भांडणाऱ्या
काळ्या-पांढऱ्या पाखरांनाही.

नवरा, वॉल्टर, लेथवर होता.
हत्यार थरथरलं की लोखंडावर लाटा उमटतात,
बोट फिरवलं तर कळतात.
तो म्हणायचा, चॅटर आलं की समजायचं,
कुठेतरी काहीतरी सैल आहे.
तिच्या बहिणी चहाला आल्या की
हेच वाक्य तो पेपराआडून पुन्हा म्हणायचा.

मी तिला सांगितलं, माझ्या भाषेत टकळी म्हणतात.
सूत कातायची ती टकळी,
आणि तोंडाची, न थांबणारी, तीही टकळीच.
"मग तुमच्याकडेही गिरण्या असणार," ती म्हणाली.
होत्या, म्हटलं. तिने मान हलवली,
जणू माझ्या गावचं कुणीतरी तिच्या ओळखीचं निघालं.

पण गंमत पुढेच आहे.
आठशे मागांत ओरडून काय ऐकू जाणार?
म्हणून बायका आवाज सोडून बोलायच्या.
ओठ मोठे, गाल मोठे, भुवया कामाला लावून,
चार रांगा पलीकडच्या मार्जरीला
मटणाचा भाव, सासूचे गुडघे,
पाद्र्याच्या बायकोने पडदे कुठून आणले.
मुकादम पाठीमागे येऊन उभा राहायचा.
बोलणाऱ्याचा पगार कापायची त्याची मुभा,
आणि कानांवर काही नाही,
फक्त धोटे.

चाळीस वर्षं इतकी वटवट
आणि एक शब्द हवेत नाही.

मार्जरीला पुरलं तेव्हाही, म्हणाली,
प्रार्थना चालू होती, सगळ्यांच्या माना खाली.
खालच्या बाकावरून नेलीने विचारलं, ओठांनीच,
सँडविचमध्ये हॅम आहे की जीभ?
जीभ, हिने सांगितलं.
आणि मग दोघींना हसू आवरेना,
लोकांना वाटलं, रडताहेत. पाठीवर हात ठेवले.

बरं. तपासणी.
उजवा कान: खालचे सूर बरे, वर चढत गेलं की घसरण.
डावा: तसाच, थोडा वाईट.
चार हजारावर दोन्ही कोरे.
स गेला, फ गेला, नातवंडांची निम्मी नावं गेली.

मी शिट्ट्या थांबवल्या, आकडे लिहिले,
आणि शेजारच्या शिकाऊ मुलाला, कॅलमला, हळूच म्हटलं,
हिचं झालं की जेवायला जाऊ,
खाली आज कांद्याचं सूप आहे.
आणि ती टोपी बघितलीस? चहादाणीवर घालतात तशी.

काचेपलीकडे तिने बटण दाबलं.

मी वर पाहिलं.
ती सरळ माझ्याकडे बघत होती. हेडफोन डोक्यावर, टोपी मांडीवर.
ओठ हलले, सावकाश, मोठे,
परक्या गावच्या पोरीला कळेल असे:
टोपी बहिणीची आहे.
आणि ते सूप घेऊ नका. खारट असतं.

मी हे कधी शिकले नव्हते.
अक्षर न अक्षर कळलं.

आलेखावर एक खूण राहिली आहे,
जिथे मी काहीच वाजवलं नव्हतं.
खोडायला हवी होती. खोडली नाही.