रेषापंच

दुपारपासूनच ट्रॉल्या मैदानाला पाठ लावून उभ्या,
फाळके खाली सोडलेले, आत पोती अंथरलेली,
त्यावर अख्खं लेंगरे मांडी घालून.
चांदी गाळायची भट्टी तीन दिवस बंद ठेवून
कोइमतूरहून आलेले जगन्नाथशेठ पुढच्या सोफ्यावर,
त्यांच्या वडिलांच्या नावाचा चषक
हलवायला दोन पोरं लागतात.

पाहुणे यायचे होते म्हणून अंतिम सामना
सव्वा तास हलगीवरच चालला.
क्रेनला टांगलेला पडदा, पडद्यावर पतसंस्थेचं व्याज,
वर एक ड्रोन, गुळाचा वास न लागलेल्या माशीसारखा
नुसताच फिरतोय.
हणमंत गुरव माईकमध्ये ओरडतोय,
'पांढरी जीप काढाऽऽ
आमच्या जावयाची असली तरी काढा!'

मी माझ्या खुर्चीवर, अंतिम रेषेच्या टोकाला.
तालुक्याचा पंच आला नाही, त्याची गाडी भिवघाटात बंद पडली.
म्हणून गावातलाच एक बसवला.
'तात्या, तुम्ही कुणाचं ऐकत नाही,
तुम्हीच बसा.'
खुर्चीचा एक पाय आखूड होता. माझाही.
डावा गुडघा इथंच गेला, ह्याच मैदानात,
तेव्हा माती होती,
पडलं की मातीचाच रंग लागायचा दोन्ही संघांना.
आता मॅट. पडलं की नुसता भाजल्यासारखा चट्टा.

सत्तावीस-सत्तावीस.
शेवटची चढाई.
इरफान मुलाणी गेला,
मी शिकवलेला, अनवाणी खेळणारा एकटाच.
निघताना त्यानं मॅटला हात लावून कपाळाला लावला
आणि दम सुरू केला. इतक्या गोंगाटात
तो मला ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी,
कुणीतरी लांब पंप चालू ठेवावा तसा.

पलूसचा डावा कोपरा मागं सरकला.
हा त्याच्या मागं. अजून मागं.
तेवढ्यात ट्रॉलीवरल्या कुणाला तरी धीर धरवला नाही,
फटाक्यांची माळ आधीच पेटली,
आणि धूर सरळ माझ्या तोंडावर.

काय दिसलं?
काहीच नाही.
एक चर्र आवाज आला,
रेषेची पट्टी मॅटवरून उचकटावी तसा.
कोपऱ्याला हात लागला तो नंतर, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.
माझा हात वर गेला होता.
मी नेला नव्हता.

इरफान मध्यरेषा ओलांडून दोन्ही मुठी आभाळात,
गाव मैदानात उतरलं, हलगीवाला उडी मारून आला,
मग मुख्य पंचानं माझ्याकडं पाहिलं.
मग सगळ्यांनीच.

पडद्यावर पुन्हा दाखवा म्हणाले.
पडद्यावर व्याज आलं, साडेआठ टक्के.
ड्रोनवाल्याची बॅटरी संपली होती.
पलूस अठ्ठावीस.
कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती अर्धी भरलेली होती,
गुडघ्यालाच लागली, त्याच.

रात्री साडेबारा.
ट्रॉल्या गेल्या. क्रेन गेली.
शेवेच्या कागदांत कुत्री तोंड घालत होती.
मॅटचे चौकोन सुटे करणाऱ्या पोरांच्या मागं
मी खुर्च्या मोजत होतो, कारण मंडपवाला सकाळी भांडतो.

इरफान आला. बराच वेळ नुसता उभा.
मग म्हणाला, 'तात्या, लागला हुता.
पट्टी गार असती. कळतं पायाला.'
'मग मुठी कशाला वर केल्यास?'
'गाव ओरडत हुतं की.'

मला सांगायचं होतं,
बाळा, मला दिसलं नव्हतं.
बोललो नाही.
तो वाकला, उचकटलेली पट्टी अंगठ्यानं दाबून बसवायला लागला.
दोनदा बसवली. दोनदा उठली.
मी म्हटलं, राहू दे, उद्या सगळंच काढायचंय.
तरी तो दाबत राहिला.