दोन इंची पाइप

सिस्टर वाघचौरेंनी चिठ्ठी दिली, तोंडाने काही बोलल्या नाहीत.
'चादरी नेणारी पिकअप पहाटे चारला
मुलांच्या वॉर्डाखाली सुरू ठेवू नये.'
सही, तारीख, जांभळा शिक्का.
शिक्क्यापुढे मी काय बोलणार.

गाडी माझ्या मुलीहून एक वर्षाने मोठी.
परळहून शिवडीला मळके कपडे,
शिवडीहून परळला धुतलेले.
सायलेन्सरला तीन भोकं: एकावर
तुपाच्या डब्याचा पत्रा आणि तार,
दुसऱ्यावर एम-सील,
तिसरं तसंच. त्या महिन्यात मुलीची फी होती.

दारूखान्यात हमीद परकार बसतात. मूळचे खेडचे.
धंदा सायलेन्सरचा आणि कानाने कमी ऐकू येतं.
मी चेष्टा केली, तर म्हणाले,
"बाबा रे, ऐकून ऐकूनच गेले."

भाचा प्रणीत सोबत होता.
त्याला सरळ पाइप हवा, मधे डबा नको,
पुलावर चढताना गाडीनं वाघासारखं बोलावं.
परकारांनी त्याला नीट पाहून घेतलं.
"वाघ नेतो काय हॉस्पिटलची कापडं?"

नट गंजून एकजीव झालेले.
रॉकेल सोडलं, एक बिडी संपेपर्यंत थांबले,
पाना लावला. हलला नाही.
शेवटी गॅसनं कापलं.
जुना डबा जमिनीवर पडला तेव्हा आतून
ओंजळभर गंज सांडला, वाळल्या पानांसारखा,
आणि एक नट,
जो या गाडीचा नव्हताच.

नवा पाइप तरी कुठे नवा.
तोडलेल्या बोटीच्या भटारखान्यातला स्टेनलेस,
दोन इंची. आधीचा पावणेदोनचा.
"पाव इंचानं काय होतंय," मी म्हटलं.
"दमेकऱ्याला विचार."
मग वाळू भरून, तापवून त्यांनी तो वाकवला
मागच्या ॲक्सलवरून,
म्हैस कुंपणावरून मान टाकते तसा.
डब्यात काचलोकर ठासली.
सहा हजार सांगितले, साडेपाच घेतले.

गाडी सुरू केली. त्यांनी कान लावला नाही.
एक तळहात धुराच्या तोंडाशी धरला, डोळे मिटले,
दुसरा हात एकेका जोडाजवळून
न टेकवता फिरवत गेले,
अंगातला ताप चाचपावा तसा.
"इथं फुंकतंय."
मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.
वेल्डिंगचा एक टाका. पुन्हा हात.
"आता नाय."

पुलावर तिसऱ्या गियरात चढली,
जिथं नेहमी दुसरा टाकावा लागायचा.
आणि मग एकेक आवाज बाहेर येऊ लागले:
फाळक्याची साखळी. डाव्या दाराची सैल काच.
सीटखाली घरंगळणारा चौदाचा पाना,
जो मी दोन वर्षं शोधत होतो.
प्रणीत बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "मामा,
गाडी चालवताना तू करकर दात खातोस."

पहाटे चार. गेट बंद.
लोंढे वॉचमन इतकी वर्षं माझ्या आवाजानं उठायचा,
आज घोरतोय.
हॉर्न मना आहे, तशी पाटीच आहे.
खाली उतरलो, रुपयाचं नाणं काढलं,
गजावर दोनदा वाजवलं, हळूच.

वर जाळीला नाक टेकवून एक पोरगं उभं,
हाताला सुई, सुईला पट्टी.
"काका, गाडी आजारी आहे?"
मी मान हलवली, नाही म्हणून.
अंधारात त्याला ती 'हो' वाटली असेल.
"होईल बरी," तो म्हणाला,
"उद्या नाहीतर परवा,"
जसं त्याला रोज कुणी सांगत असावं तसं.

लोंढे उठला. किल्ली शोधू लागला.
मी फाळक्याची साखळी
मुठीत धरून सोडली,
वाजू नये म्हणून.