आप्पा दिल्ली बघून आले

संग्रामदादानं सात तिकिटं काढली, मिरज ते निजामुद्दीन,
आणि मग घरात सांगितलं.
आप्पा गोठ्याकडं बघत म्हणाले,
म्हैस टेकलीया व्यायला.
मग म्हणाले, टेंभूचं पाणी सुटायचंय.
मग, डाळिंबाला फवारणी.
मग नुसतंच, काय ठेवलंय तिथं.

एकोणीस वर्षं ठेवली होती त्यांनी तिथं.
आम्ही विट्याच्या शाळेत, आई रानात,
आणि ते चांदणी चौकामागच्या एका माडीवर
गलाईच्या भट्टीपुढं.
सोनाराच्या दुकानातला केर घ्यायचा,
जाळायचा, गाळायचा, तेजाबात उकळायचा,
बुडाशी राहील ते सोनं.
गुंजभर कधी. कधी तेवढंही नाही.
वर्षातून एकदा, यात्रेला, यायचे.
पहिले दोन दिवस आम्ही त्यांच्याशी
पाव्हण्याशी बोलावं तसं बोलायचो.

त्यांच्या बोटांना आता रेषा नाहीत.
रेशनच्या दुकानातलं यंत्र त्यांना ओळखत नाही.
अंगठा धोतराला पुसतात, पुन्हा ठेवतात,
पुन्हा पुसतात,
शेवटी दुकानदार म्हणतो, ऱ्हाऊ द्या आप्पा, काकूस्नी पाठवा.

म्हैस जालिंदरनानांवर सोपवली.
मिरजेच्या फलाटावर आप्पा सगळ्यांच्या पुढं,
आपला डबा कुठं थांबणार ते पाटी न बघता ठाऊक.
बाकाखाली बॅगा साखळीनं बांधल्या,
खिडकी शरयूला दिली
आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.
किर्लोस्करवाडी गेली, कऱ्हाड गेलं, सातारा गेलं.
झोपले नव्हते.
पायाचा अंगठा हलत होता.

दिल्लीत शरयूनं विचारलं,
आप्पा, लाल किल्ल्यात आत काय आहे?
मला काय म्हाईत.
कुतुबमिनार कुठल्या बाजूला?
रिक्षावाल्याला इचार.
दादा हसला, आधी मोठ्यानं,
मग तोंड तसंच उघडं राहिलं.
किल्ला माडीपासून चालत दहा मिनिटं.

तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, माडी दाखवा.
त्या गल्लीत मात्र ते न विचारता वळले,
लोंबत्या तारांखाली मान आपोआप खाली.
आई जिन्याच्या पायऱ्या मोजत चढली.
वर एक पोरगा, नाकाला रुमाल,
आप्पांची टोपी बघून उठून उभा राहिला.
कुठला रं?
बलवडीचा.
पाणी हाय का हिरीला?
हाय की आता.
मग दोघंही भट्टीकडं बघत बसले.
आई कोपऱ्यात उभी होती,
तिथं एक वळकटी, एक खिळा, खिळ्याला शर्ट.
तिनं भिंतीवर तळहात टेकला.
काजळी लागली ती पदराला पुसली नाही,
मूठ मिटून खाली उतरली.
दादानं फोटो काढायला फोन वर केला
आणि खिशात ठेवला.

घरी आल्यावर ओसरीत बॅगा उपड्या केल्या.
तिकिटांचे तुकडे, पेठ्याचे कण,
काळसर बारीक धूळ.
वहिनी केर भरायला वाकली तर आप्पा म्हणाले, थांब.
उकिडवे बसले, बिनरेषांच्या बोटानं केर पसरला,
उजेडाकडं तोंड करून बघितलं, रोज बघतात तसं,
आणि सुपलीत भरून स्वतःच टाकून आले.

म्हैस व्याली होती. रेडी झाली.
जालिंदरनाना म्हणाले, काय म्हणतीया दिल्ली?
आप्पा रेडीचं अंग पोत्यानं पुसत म्हणाले,
म्हटलं नव्हतं, टेकलीया म्हणून?

मग बऱ्याच वेळानं, कुणी न विचारता,
किल्ला लई मोठा हाय, नाना.