नळाला आधी हवा येते

पाचव्या दिवशी, रात्री पावणेतीनला,
साखर पेठेतल्या आमच्या बोळात
नळाला आधी हवा येते.
खोकतो. दोन थेंब थुंकतो. परत हवा.
अंबव्वा घागर सरकवत विचारते,
“काय बे रामलू, पाणी यायलंय
का नुसतंच बोंबलायलंय?”

मी चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस इथं.
तिथं माझ्या हाताखाली एक व्हॉल्व्ह
आणि डोळ्यांसमोर एक काटा.
खाली तळाशी, आडवा पाइप जिथं उभा व्हायला लागतो,
त्या कोपरात तेल बसून राहतं वाट अडवून.
मागून गॅस येतो
आणि येतच राहतो.
वर आमच्याकडं काहीच येत नाही.
नव्या पोरांना ही शांतता आवडते,
चहा ओतून घेतात.
मी काट्याकडं बघतो.

मग येतं.
अख्ख्या बोळाएवढं लांब तेल, एका दमात,
टाकी गळ्यापर्यंत, भोंगा सुरू,
लोखंडी जिना पायाखाली हलतो
आणि मागोमाग नुसता वारा.
की पुन्हा शांत.

अशा वेळी व्हॉल्व्ह थोडा आवळायचा.
बंद नाही. मोकळा पण नाही.
तेल जरा कमी निघतं, साहेब कुरकुरतो,
पण पाइप माणसात येतो.
अंबव्वाला हे समजावलं तर म्हणाली,
“म्हंजे आमच्या मालकासारखंच की.”

आत खाटेवर नायना.
छत्तीस वर्षं टॉवेलच्या मागावर,
छातीत अजून सूत उडतं.
तिकडून फोन केला की घर सांगतं,
सगळं शांत आहे.
मी विचारतो, किती वेळापासून?
त्यांना वाटतं, चेष्टा करतोय.

आज बराच वेळ झाला, खोकला नाही.
मी दारात उभा, हातात रिकामी कळशी,
कान आत.
एक. दोन. चाळीसपर्यंत मोजलं.
मग आलं.
उठून बसला, खाटेची पाटी धरली,
पाठीचा एकेक मणका माझ्या तळव्याखाली सरकला.
इथं आवळायला काही नाही.
हात तेवढा ठेवायचा.

तोंड पुसून त्यानं विचारलं,
“पाणी आलं का रे?”
आलं, म्हटलं.
बाहेर नळ
अजून हवाच ओकत होता.