तिथीची पाऊणपट

पायताण घाल आणि नीघ, शालन.
निळ्या झाकणाची डबी जेवणानंतर,
मागच्या दाराला कडी आणि वर खुंटी,
आरशावरची चादर काढायची नाही.
तीन वेळा सांगितलंस मघापासून,
चौथ्यांदा अंगणातून.
पाठ आहे मला. नीघ.

पहिल्या बुधवारी तू गेलीच नव्हतीस.
माडाच्या आळ्यापाशी उभी राहून
खिडकीतून आम्हा दोघांना बघत होतीस,
हातात रिकामी पिशवी.
दुसऱ्या बुधवारी अठरा मिनिटांत परत.
म्हणालीस, गिरण बंद आहे.
गिरण चालू होती. आवाज इथवर येत होता.

बायका म्हणतात, शालन पुण्यवान.
रात्री अडीचला 'होडी सुटली' म्हणत उठणाऱ्या म्हाताऱ्याच्या
अंगात सदरा घालायला पुण्य येत नाही.
तू येतेस.
वर आपणही निघाल्यासारखं
कंदील हातात घेऊन
धक्क्यापर्यंत त्याच्या मागे मागे जातेस,
होडी गेलेली बघून दोघं परत येता.
नवरा बोटीवरून फोन करतो, बाबा कसे आहेत?
तू कशी आहेस, इथे पोचेपर्यंत
रेंज जाते.

माझ्या सासूच्या वेळी कोण आलं नव्हतं.
एकदा मी तिच्यावर हात उगारला.
मारला नाही. उगारला.
पंचवीस वर्षांत हे कुणाला बोललेले नाही.
तुला सांगून ठेवते,
म्हणजे तुझ्या त्या गुरुवारचं
तू मला सांगितलंच पाहिजे असं नाही.

गेल्या बुधवारी चतुर्थी होती.
तू गेल्यावर पडवीत पाय लांब करून
तुझा सासरा विचारत होता, 'आज तीथ खयची?'
चतुर्थी, म्हटलं.
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकला, थांबला.
'म्हणजे तीनाक भरती.'
चाराची पाऊणपट तीन. बरोबर.
चहा प्यायलो की नाही हे ज्याला ठाऊक नाही
त्याच्या अंगठ्यात अजून दर्या हलतो.
दहा मिनिटांनी पुन्हा, 'तीथ खयची?'
चतुर्थी, तांडेलानू.
चौदा वेळा.
एकदाही 'आत्ताच सांगितलं ना' म्हटलं नाही मी.
त्यात मोठेपणा नाही माझा.
माझे दोनच तास असतात,
बाकीचे सगळे तुझे.

आणि त्या दिवशी तू उशिरा आलीस,
धापा टाकत, माफी मागत,
केसांत वाळू,
गालावर जाळ्याचे चौकोन उमटलेले.
कुबलांच्या जाळ्यांच्या ढिगावर झोपलीस वाटतं.
मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

तू चहा ठेवायला आत गेलीस
तेव्हा तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला,
'ह्या चेडू कोणाचा गो?
सगळ्यांचा करता, बापडा.
तेका कोण जेवक वाढता की नाय?'
मी म्हटलं, वाढतात.
खोटं बोलले.
तेव्हापासून ते घशात अडकलंय,
म्हणून आज घावणे आणलेत,
काळ्या वाटाण्याची उसळ आहे, टोपाखाली झाकून.
आल्यावर बसून खा. उभ्याने नाही.
आज एकादशी आहे, माहीत आहे मला.
तुझा उपास तसाही वर्षभर चालूच असतो.

एकादशी म्हणजे भरती सव्वाआठला.
आता ओहोटी आहे,
तारामुंबरीची वाळू लांबवर उघडी पडली असेल,
कुर्ल्यांची भोकं, ओल्या वाळूत कुणाचंच पाऊल नाही.
तो विचारेल, मी सांगेन.
तू मागे बघू नकोस.
लांब जा.