खांब क्रमांक एकशे चौदा

सव्वीस वर्षं लोकांना एकच सांगत आलो:
तारेला हात लावू नका.
उरीच्या डोंगरात कुंपणाकुंपणावर
कवटीच्या पिवळ्या पाट्या ठोकल्या,
शाळेत जाऊन पोरांना घाबरवलं.

पडलो त्या दिवशी तार मेलेली होती.
मीच बंद केली होती, दोनदा तपासून.
घात केला बर्फाने,
नखाएवढ्या पातळ बर्फाने,
आणि उतरायची घाई झालेल्या माझ्या डाव्या पायाने.
पुढचे बारा मीटर मला आठवत नाहीत.

आता तळ्याकाठच्या या इस्पितळात
पाठीच्या कण्यात सोळा टिकल्या बसवल्यात,
पोटाच्या कातडीखाली काडेपेटीएवढी डबी.
लादिना टॅबलेटवर बोट ठेवते,
"फुरर, तयार?"
मी विचारतो, किती मिलिअँपिअर?
ती हसते. म्हणते, असं विचारणारे तुम्ही पहिलेच.

वीज पाय उचलत नाही,
हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं.
ती फक्त झोपलेल्या मज्जेला कोपराने ढोसते.
उचलायचं तुम्हालाच.
म्हणजे वरून माझा निरोप निघायला हवा,
तुटलेल्या दोरखंडाचे जे चार धागे उरलेत
त्यांच्यावरून, तोल सांभाळत.

निरोप पाठवतो.
सोमवारी पाठवतो, मंगळवारी पाठवतो.
घाम येतो तो छातीच्या वरच,
खालचा मुलूख कोरडा ठाक.
बुधवारी उजवा अंगठा हलला
आणि मी सगळ्यांदेखत त्याला शिवी घातली:
इतके दिवस कुठे मेला होतास रे?

आज दांड्यांच्या मधे उभा राहिलो.
गुडघे जुन्या शिडीसारखे करकरत होते,
म्हणजे आवाज नव्हता, मलाच तसं वाटलं.
चार मिनिटं.
रेगुला समोर, हातात माझा कोट धरून.
अकरा महिने मी तिला खालूनच पाहत होतो,
हनुवटी, नाकपुड्या, चष्म्याची कडा.
आज वरून तिचा भांग दिसला,
दोन बोटं पांढरा.
केस रंगवायचं तिने कधी सोडलं,
मला कुणी सांगितलंच नाही.

मग लादिनाने पडद्यावरचं बोट खाली ओढलं
आणि मी खुर्चीत आलो.

रात्री डबी बंद असते.
अंधारात पडल्या पडल्या
अंगठ्याला एक निरोप सोडतो,
मेलेल्या तारेतून.
पांघरूण हललं, की खिडकीतून वारा आला,
सांगता येत नाही.
दोनदा तपासतो.