पडताळणी

एकतीस वर्षं मी ठाण्यात काटे तपासले.
जांभळी नाक्यावर कांद्याच्या दुकानांत,
कोपरीच्या मासळीवाल्यांकडे,
वागळे इस्टेटीत अख्खा ट्रक चढायचा त्या भुईकाट्यावर.
तळाला मेण भरलेलं वजन, पारड्याखाली लोहचुंबक,
दोनशे ग्रॅम म्हणून ठेवलेला गुळगुळीत दगड,
सगळं पाहिलं.
शिक्का पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये,
एवढंच खात्याने शिकवलं.

आणि निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी
एका छापील कागदावर मी मुकाट्याने विश्वास ठेवला.

नौपाड्यातल्या दवाखान्यात मिळाला, लॅमिनेट केलेला.
सकाळी पोहे किंवा उपमा, तेल कमी.
अकराला मारी बिस्किटं दोन.
दुपारी तीन फुलके, भात एक वाटी.
दर दोन तासांनी थोडं थोडं.
खोबरं वर्ज्य, अंड्यातलं पिवळं वर्ज्य.
वाटी केवढी, ते कुठेच नव्हतं.
विचारलं, तर आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, नेहमीची.
आमच्या घरात नेहमीच्या वाट्या पाच प्रकारच्या.
कुमुदच्या माहेरच्या पितळीत दोनशे दहा मिलिलिटर मावतं,
बारशात आलेल्या स्टीलच्या वाटीत एकशे वीस.
मोजून पाहिलं. सवय.

सहा महिने कागदाबरहुकूम वागलो.
तीन महिन्यांची सरासरी आठवरून पावणेनऊला गेली.
"पथ्य पाळत नसाल," सगळे म्हणाले.
हे वाक्य माझ्या ओळखीचं.
माल कमी भरला की दुकानदार म्हणायचा,
साहेब, गिऱ्हाइकाची पिशवीच फाटकी.

तेव्हा कपाटातून जुनी तपासणीची वही काढली,
रकाने आखले: वस्तू, खाण्यापूर्वी, दोन तासांनी, शेरा.
आधी यंत्रच तपासलं.
एकाच बोटाचे दोन थेंब: एकशे बेचाळीस, एकशे एकावन्न.
ठीक. प्रत्येक काट्याला थोडी मुभा असते.

पोहे, कागदाप्रमाणे: दोनशे अडतीस.
मारी दोन, बिनसाखरेचा चहा: दोनशे चार.
कुमुदने वालाचं बिरडं केलं, ओलं खोबरं सढळ हाताने,
भाताला फाटा: एकशे एकोणचाळीस.
तळलेली मांदेली, दोन अंडी पिवळ्यासकट: एकशे अठ्ठावीस.
एवढा आनंद मला एकाही जप्तीत झाला नव्हता.

शेजारचे रणदिवे म्हणाले, मग गोळी बंद करा की.
म्हटलं, गोळी माझ्या अखत्यारीत नाही.

मग तो मंगळवार.
तेच बिरडं, तीच वाटी, तीच वेळ.
दोनशे अकरा.
बोट धुऊन पुन्हा. दोनशे सात.
शेऱ्याचा रकाना बराच वेळ कोरा राहिला.
वाल जुने होते का, गुळाचा खडा मोठा पडला का,
मी विचारत होतो, स्वयंपाकघरातून उत्तर येत नव्हतं.
शेवटी कुमुद बाहेर आली, हात पुसले,
वही ओढून घेतली आणि लिहिलं: "ऋजुताचा फोन."
नागपूरहून. कोर्टाची तारीख पडली म्हणून.

हे मोजायला प्रमाणित वजन
खात्याकडेही नव्हतं.

डॉक्टर मुलीने, हर्णे तिचं आडनाव, तिशीही नसेल,
वही पहिल्या पानापासून वाचली. बाहेर रांग होती.
म्हणाली, तुमच्या अंगापुरतं हे खरं आहे, काका.
पुढच्या पेशंटचं तो टोचेल तेव्हा कळेल.
गोळी तशीच ठेवली.
लॅमिनेटवर पेन उठेना,
म्हणून बिस्किटांच्या ओळीवर तिने चिकटपट्टी लावली.

आज हापूस आलाय.
अर्धा माझा, फोडी करून, पितळी वाटीत मावला.
दोन तास व्हायला अजून चाळीस मिनिटं आहेत.
वही उघडी आहे, सुई तयार आहे.
कुमुद खिडकीशी बसून कोय चोखतेय,
आणि कोय कुणाच्या अर्ध्यात धरायची
हे आम्ही दोघांनीही अजून काढलेलं नाही.